नायकाच्या तोंडी कोणाचे शब्द?





वार्तापत्राच्या या पानावर मी सहसा परीक्षा, वाचन, शिस्त अशा विषयांवर लिहिते. या अंकासाठी घेतलेला विषय मुलांच्या आवडीचा आणि बहुतेक पालकांच्या नावडीचा आहे. संगणकावरच्या खेळांत जो नायक असतो, त्याच्या तोंडची वाक्ये कशी लिहितात आणि खेळणाऱ्याला ती निवडायला कशी देतात, हे आज समजून घेऊ. वरवर हा करमणुकीचा विषय दिसतो, पण मुळात तो भाषेचा आहे. शेवटी आपल्या शाळेतल्या एका निर्णयाशीही त्याचा संबंध येतो.

हा खेळ असतो तरी कसा?

सर्वच खेळांत केवळ धावपळ आणि गोळीबार असतो असे नाही. एक प्रकार भूमिकाप्रधान खेळांचा आहे. मुले त्याला आरपीजी म्हणतात. यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. वाटेत माणसे भेटतात, ती प्रश्न विचारतात, मदत मागतात, कधी फसवतात. दर वेळी पडद्यावर तीन-चार उत्तरे येतात आणि त्यांतले एक निवडायचे असते. जे निवडाल त्याप्रमाणे कथा पुढे जाते. कोणी मित्र होतो, कोणी कायमचा दुरावतो.

कॅनडातील बायोवेअर या कंपनीचा 'बाल्डर्स गेट' हा खेळ १९९८ साली आला. त्यात नायकाची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहिलेली असत. खेळणारा ती वाचून एक निवडी आणि समोरचे पात्र उत्तर देई. नायकाने ते वाक्य मोठ्याने उच्चारायचे नसे. ते रागाने म्हटले की हसत म्हटले, हे खेळणाऱ्याने आपल्या मनात ठरवायचे. कादंबरी वाचताना आपण पात्रांचे आवाज मनात ऐकतो, तसेच.

२००७ साली याच कंपनीच्या 'मास इफेक्ट'मध्ये नायकाला आवाज मिळाला. कमांडर शेपर्ड हे पात्र पुरुष किंवा स्त्री, कसेही घेता येते. पुरुष शेपर्डला मार्क मीर यांनी आवाज दिला, तर स्त्री शेपर्डला जेनिफर हेल यांनी. आता पडद्यावर पूर्ण वाक्याऐवजी एक चक्र येऊ लागले आणि त्याच्या कडेने दोन-चार शब्दांचे पर्याय. पर्याय निवडला की शेपर्ड त्या आशयाचे पूर्ण वाक्य स्वतः बोले.

वाक्य आखूड का केले? कारणे व्यवहारातली आहेत. हे खेळ दूरदर्शन संचासमोर काही अंतरावर बसूनही खेळतात, त्यामुळे अक्षरे मोठी आणि थोडी लागतात. समोरच्याचे बोलणे संपण्याआधीच पर्याय निवडता आला, तर संभाषण अडखळत नाही. शिवाय जे वाक्य आपण आत्ताच वाचले, तेच लगेच पुन्हा ऐकायचे म्हणजे कंटाळा येतो. म्हणून वाचायला सारांश आणि ऐकायला पूर्ण वाक्य, अशी विभागणी झाली.

राजा आणि चिटणीस

ही विभागणी आपल्याला नवी नाही. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. देवासात तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती. अशा दरबारांत मजकुराचा आशय राजाने सांगायचा आणि पत्र चिटणिसाने लिहायचे. "त्यांना कळवा, या वर्षी जमणार नाही," एवढेच राजा बोले. त्याचे आदबशीर, समोरच्याच्या मानाप्रमाणे मायना घातलेले पत्र करणे हे चिटणिसाचे काम. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका आपण ऐकली आहे. पत्र लिहायला वेळ मिळाला नाही, तेव्हा कोऱ्या कागदावरून त्यांनी संपूर्ण पत्र वाचून दाखवले म्हणतात. चिटणिसाला राजाचे मन किती नेमके कळावे, हेच ती गोष्ट सांगते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनीही १९२१ साली देवास थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून काम केले. त्यांचे १९५३ सालचे पुस्तक आपल्या टेकडीच्या नावाचे आहे, 'द हिल ऑफ देवी'.

आवाज असलेल्या खेळात खेळणारा हा राजा आणि संवादलेखक हा चिटणीस. राजा दोन शब्दांत आशय सांगतो, चिटणीस पूर्ण वाक्य बोलतो. चिटणिसाला राजाचे मन कळले, तर कारभार सुरळीत. राजाला हवी होती विनंती आणि पत्रात गेली धमकी, तर अनर्थ. फरक एवढाच, की दरबारात पत्र रवाना होण्यापूर्वी वाचून दाखवता येत असे. खेळात निवड केल्यावरच वाक्य ऐकू येते.

घोटाळे कसे झाले?

२०११ साली 'एल. ए. न्वार' हा गुप्तहेरी खेळ आला. हा भूमिकाप्रधान खेळ नव्हे, पण अडचण तीच. त्यातला पोलीस अधिकारी कोल फेल्प्स साक्षीदारांची चौकशी करतो. उत्तर ऐकून खेळणाऱ्याने तीनपैकी एक निवडायचे: खरे, शंका किंवा खोटे. 'शंका' निवडताना खेळणाऱ्याला वाटे, की आता हा जरा संशयाने विचारील. प्रत्यक्षात फेल्प्स कधी कधी समोरच्यावर असा ओरडे, की ऐकणारा दचकावा. झाले होते असे, की आधी या जागी 'जबरदस्ती' या अर्थाचा शब्द योजलेला होता. पुढे वरचा शब्द बदलला, पण आतली वाक्ये तशीच राहिली. २०१७ साली खेळ पुन्हा निघाला तेव्हा हे तीन शब्द बदलून चांगला पोलीस, वाईट पोलीस आणि आरोप असे केले. वाक्य एकही न बदलता, नुसते वरचे नाव बदलून पुष्कळसा गोंधळ कमी झाला.

दुसरे उदाहरण पोलंडच्या 'द विचर ३' या २०१५ सालच्या खेळाचे. एका ठिकाणी डाइक्स्ट्रा नावाचा जुना हेरप्रमुख वाट अडवून उभा राहतो. पर्यायाचा अर्थ साधारण "त्याला जोराने बाजूला ढकल" असा आहे. खेळणाऱ्याला वाटते, धक्का देऊन पुढे जाऊ. नायक गेराल्ट मात्र त्याचा पाय मोडतो. 'जोराने' या शब्दात पाय मोडण्याइतका जोर आहे, हे कोणाला कळावे?

त्याच वर्षी अमेरिकेच्या 'फॉलआउट ४'मध्ये नायकाला प्रथमच आवाज मिळाला. एक पुरुष व एक स्त्री अशा दोन कलावंतांनी प्रत्येकी तेरा हजारांहून अधिक वाक्ये ध्वनिमुद्रित केली. पण बहुतेक संभाषणांत पर्याय चारच, आणि तेही एक-दोन शब्दांचे. कोठे कोठे नुसते 'उपरोधाने' एवढेच लिहिलेले. उपरोध कोणावर, किती, आणि समोरचा दुखावेल की हसेल, याचा पत्ता नाही. शेवटी खेळणाऱ्यांपैकीच काहींनी पूर्ण वाक्य आधी दाखवणारी जोडणी तयार केली आणि पुष्कळांनी ती वापरली.

यात लेखकांचा आळस नव्हता. आवाज खर्चिक असतो. प्रत्येक वाक्य दोन कलावंतांकडून म्हणवून घ्यायचे, आणि एकदा ध्वनिमुद्रण झाले की एखादा शब्द बदलायचा तरी पुन्हा त्यांना बोलवायचे. म्हणून पर्याय कमी होतात. कागदावर पाचवे उत्तर लिहायला शाई तेवढी लागते. आवाजाला माणूस लागतो. त्या माणसाच्या हक्काचा प्रश्नही आता उभा राहिला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने कलावंताच्या आवाजाची नक्कल करण्यावर बंधने हवीत, या मागणीसाठी अमेरिकेतील खेळांच्या आवाज-कलावंतांनी जुलै २०२४ मध्ये संप पुकारला. तो २०२५ साली करार होऊन मिटला.

उपाय कोणते निघाले?

पहिला उपाय खुणेचा. २०११ सालच्या 'ड्रॅगन एज २'मध्ये पर्यायासोबत चित्र येऊ लागले: विनोदासाठी मुखवटा, कठोर उत्तरासाठी मूठ, प्रेमासाठी हृदय. वाक्य माहीत नसले, तरी निदान सूर कळतो. आपण घरच्यांना मोबाईलवर निरोप धाडताना शेवटी हसरा चेहरा जोडतो, तो याच कारणासाठी.

दुसरा उपाय नायकाचा स्वभाव पक्का ठरवण्याचा. 'द विचर ३'चा गेराल्ट हा आधीच कादंबऱ्यांतून आलेला, मितभाषी आणि कोरडा माणूस. तो कसा बोलेल याचा अंदाज खेळणाऱ्याला थोड्या वेळात येतो. म्हणून डाइक्स्ट्रासारखा एखादा प्रसंग सोडला, तर तेथे तक्रारी कमी. आपल्या आजोबांनी नुसते "बघू" म्हटले, की त्याचा अर्थ होकार की नकार हे घरात सर्वांना कळते. पाहुण्याला कळत नाही.

तिसरा उपाय मागे वळण्याचा. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) आणि त्याच वर्षीचा 'स्टारफील्ड' या दोन्ही मोठ्या खेळांत संभाषणातली उत्तरे पुन्हा पूर्ण वाक्यांत वाचायला मिळतात आणि नायक ती मोठ्याने म्हणत नाही. खेळणाऱ्याला शब्द पूर्ण मिळतात, सूर त्याचा त्याने लावायचा.

आपल्याकडे पाहावे, तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीचा 'राजी' हा खेळ २०२० साली आला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा. राजी बोलते, दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात, पण उत्तर निवडण्याचा प्रकार त्यात नाही. आणि कोकणचे दशावतारी नाटक आठवा. तेथे लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि पात्र रंगमंचावर उभे राहून आपले संवाद आपणच रचते. संगीत नाटकात सर्व शब्द लेखकाचे, दशावतारात सर्व शब्द नटाचे. हा खेळ या दोहोंच्या मधे उभा आहे.

मराठीत लिहायचे झाल्यास

आता मुख्य मुद्दा. असा खेळ मराठीत करायचा, तर काय होईल?

पहिल्या परिच्छेदात मी "लिहिते" म्हटले, तेव्हाच वाचकाला कळले की लिहिणारी स्त्री आहे. इंग्रजीत हे कळले नसते. म्हणूनच शेपर्ड पुरुष असो वा स्त्री, इंग्रजी वाक्य बहुतेक ठिकाणी तेच चालते. केवळ आवाज बदलतो. मराठीत "मी येतो" आणि "मी येते" अशी दोन वाक्ये लिहावी लागतील. समोरचाही "कधी आलास?" किंवा "कधी आलीस?" असे विचारील, म्हणजे त्याचीही वाक्ये दुप्पट.

पण मराठीच यातून वाटाही देते. "मी जाईन", "मी करीन" हे पुरुष आणि स्त्री दोघांच्याही तोंडी शोभते. हिंदीत मात्र जाऊँगा-जाऊँगी हा भेद राहतोच. "मी दार उघडले" यात क्रियापद दाराप्रमाणे चालते, बोलणाऱ्याप्रमाणे नाही. आणि "तुम्ही कधी आलात?" यात तर आदरही येतो आणि लिंगभेदही मिटतो. ज्याला मराठी व्याकरण नीट येते, तो अर्धे ध्वनिमुद्रण वाचवील. व्याकरणाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या नववीच्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट तू, तुम्ही आणि आपण यांची. 'विनंती करा' एवढाच पर्याय लिहिला, तर नायक "ऐक ना" म्हणेल, "ऐका ना" म्हणेल, की "आपण ऐकावे" म्हणेल? तिन्ही विनंत्याच, पण तीन वेगळ्या नात्यांतल्या. जुन्या पत्रांत मायना चुकला तर मान दुखावे. येथेही तसेच होईल.

तिसरी गोष्ट आम्ही आणि आपण यांची. "आम्ही उद्या निघू" म्हटले, तर ऐकणारा मागे राहिला. "आपण उद्या निघू" म्हटले, तर तोही सोबत आला. पर्यायात नुसते 'उद्या निघू' लिहिले असेल, तर खेळणाऱ्याने मित्राला सोबत घेतले की टाकून दिले, हे त्यालाच कळणार नाही. हिंदीत दोन्हींसाठी 'हम' चालते. माळव्यातल्या बोलण्यात 'अपन' आहे, पण त्याची हद्द मराठी 'आपण'इतकी पक्की नाही. आपल्या मुलांच्या मराठीतून हा भेद हळूहळू पुसट होतो आहे. माझे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीने मला पुष्कळ दिले. म्हणूनच दोन भाषांत कोणती गोष्ट कोठे आहे आणि कोठे नाही, हे मला ठळक दिसते.

एक लहानसा नमुना

धारच्या किल्ल्याचा दरवाजा. सायंकाळ. पहारेकरी म्हणतो, "दरवाजा बंद झाला. उद्या या." आपल्या नायिकेजवळ आत पोचवायचे औषध आहे. तीन पर्याय लिहू: 'कारण सांगा', 'दमात घ्या', 'ओळख सांगा'.

'कारण सांगा' निवडल्यावर ती म्हणते, "दादा, आत माझी आई आजारी आहे. एवढे औषध पोचवून लगेच परत येईन." ठीक आहे. 'दमात घ्या' निवडल्यावर, "कोणाला अडवतोस ते कळतंय का? उघड दार!" हेही ठीक, जे मागितले ते मिळाले.

पण 'ओळख सांगा'? एक मुलगी समजेल, की नायिका आपले नावगाव सांगेल: "मी वैद्यांकडून आले आहे." दुसऱ्याने वाक्य लिहिले असेल: "मी दिवाणांची भाची आहे." मराठीत ओळख असणे म्हणजे वशिला असणे, हाही अर्थ आहे. पहिल्या वाक्यात प्रामाणिकपणा आहे, दुसऱ्यात दडपण. निवडणारीने पहिले निवडले आणि तिच्या तोंडून दुसरे निघाले. शब्द चुकीचा नव्हता, अपुरा होता. येथे 'नावगाव सांगा' किंवा 'वशिला लावा' असे स्पष्ट लिहायला हवे.

आपल्या शाळेपुरते

नववी-दहावीच्या काही विद्यार्थ्यांनी वार्षिक प्रदर्शनासाठी असाच एक मराठी खेळ संगणकावर तयार करण्याची परवानगी मागितली आहे. मारामारी नाही, फक्त प्रसंग आणि उत्तरे, आवाज मुलांचेच. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत आणि पालक-सभेतही प्रश्न आला, की मराठीची तासिका आधीच थोडी, ती खेळावर का घालवायची? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर येथे सविस्तर दिले.

आपल्या पुष्कळ घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. मुलांना मराठी समजते. अडते ते बोलताना. समजण्यासाठी दुसऱ्याचे शब्द पुरतात, बोलण्यासाठी स्वतःचे लागतात. निबंधात मूल पाठ केलेली वाक्ये उतरवू शकते. येथे तसे चालणार नाही. पहारेकऱ्याला काय म्हणायचे, 'तू' की 'तुम्ही', 'आम्ही' की 'आपण', हे प्रत्येक वाक्याला ठरवावे लागेल, आणि शब्द चुकला तर खेळणारा सोबती लगेच सांगेल की मला हे म्हणायचे नव्हते. कोणत्याही तपासलेल्या वहीपेक्षा ही तपासणी कडक आहे.

म्हणून मी परवानगी देत आहे, चार अटींवर. प्रसंग बारापेक्षा अधिक नकोत. काम शाळेच्या वेळेत आणि शाळेच्याच संगणकावर व्हावे. प्रत्येक पर्यायाखाली पूर्ण वाक्य दिसावे, म्हणजे फसगत होणार नाही. आणि ध्वनिमुद्रणापूर्वी प्रत्येक वाक्य घरच्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवावे.

शेवटच्या अटीसाठी पालकांना विनंती. मूल वही घेऊन आले, तर "बरोबर आहे" एवढे म्हणून त्याला परत धाडू नका. "अशा वेळी तू काय म्हटले असतेस?" असे विचारा, आणि तुमचे आजोबा काय म्हणत असत तेही सांगा. धार-देवासच्या घरांत अजून असे कितीतरी शब्द आहेत, जे कोणत्याही पुस्तकात मिळणार नाहीत. ते मुलांच्या वहीत उतरले, तर या खेळाचे सार्थक झाले असे मी समजेन.

आपली,
प्राचार्या